आधी फुल्या, मग वाकळ: निपाणीच्या ताईंना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीच्या एक ताई शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, मुलं परगावी आहेत. हाताला काही काम हवं म्हणून क्रॉस स्टिच किंवा गोधडी शिकावी असं त्यांच्या मनात आहे. त्या विचारतात: दोन्हींतलं आधी काय धरू? साठीच्या डोळ्यांना झेपेल का? सासूबाईंच्या इरकली लुगड्यांची ट्रंक घरात आहे, ती कापायला हात धजत नाही, काय करू? आणि बाजारात थोडक्या पैशांत पानिपतचं ब्लँकेट मिळत असताना महिना-दोन महिने सुई घेऊन बसण्यात आनंद तो कसला?

ताई, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर पटलं नाही तर बाकीच्या उत्तरांचा तुम्हाला काही उपयोग नाही. मी बेळगावात वडगावला राहते, बरीच वर्षं भरतकाम आणि वाकळ, म्हणजे तुम्ही म्हणता ती गोधडी, शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत घरात पांघरूण नाही म्हणून आलेली एकही नाही. ब्लँकेटं सगळ्यांच्या कपाटात आहेत. त्यांना हवं असतं ते हात गुंतवणारं काम, आणि ही दोन कामं हात गुंतवतात ती अगदी वेगळ्या तऱ्हेने. फुल्यांचं काम, म्हणजे क्रॉस स्टिच, मनाला एका जागी धरून ठेवतं. वाकळ मनाला मोकळं सोडते. फुल्या एकटीने भरायच्या, वाकळ चौघींनी मिळून घालायची. म्हणून दोन्ही करा. आता पावसाळ्यात फुल्या धरा, पाऊस ओसरला की वाकळ.

फुल्यांच्या भरतकामात कापडावर काही छापलेलं नसतं, निदान नसावं. समोर चौकटींचा नकाशा, हातात कोरं कापड आणि दोन्हींच्या मध्ये तुमची मोजणी. तीन घरं लाल, एक सोडायचं, पुन्हा दोन लाल, मग हिरवा. एवढंच. पण ही मोजणी चालू असताना लाइट बिल, गुडघ्याचं दुखणं, काल कोण काय बोललं, यांना मनात शिरायला जागा मिळत नाही. पुस्तक वाचताना मन पानावरून पळालं तरी डोळे पुढच्या ओळीवर जातच राहतात. इथे मन पळालं तर पुढच्याच ओळीत फूल एका घराने सरकलेलं दिसतं. काम तुम्हाला लगेच परत बोलावतं, आणि रागावत नाही. दोरा उसवायचा, पुन्हा मोजायचं. आमच्या बैठकीत काहीजणी एक-दोन-तीन मोजतात, काहीजणी कानडीत ओंदु-एरडु-मूरु. सुरुवातीला शेजारणीचा आकडा कानावर पडून दुसरीचा चुकायचा, म्हणून आता मोजणी मनात करायची असं ठरलंय. दुपारी तीनच्या सुमारास आठ-दहा बायका एका खोलीत बसलेल्या असतात आणि पंख्याशिवाय कसलाही आवाज नसतो. या शांततेवर माझा फार जीव आहे.

या कामाचा आणखी एक आनंद थोडा उशिरा कळतो. पहिल्या शे-दीडशे फुल्या कशाच दिसत नाहीत, नुसते रंगाचे ठिपके. इथेच बऱ्याचजणी कंटाळतात. तुम्ही तेवढ्या काढा. मग कधीतरी एका ओळीत अचानक मोराची मान दिसते, आणि त्यानंतर पदार्थ करपला तरी सुई खाली ठेववत नाही. सरावलेल्या हाताने तासाला शंभर ते दीडशे फुल्या होतात. नव्या हाताने त्याच्या निम्म्या झाल्या तरी भरपूर.

हे काम परदेशी मासिकांतून आलं असं अनेकींना वाटतं. क्रॉस स्टिच हे नाव तिकडून आलं असेल, पण धागे मोजून भरण्याची रीत आपल्या भागाला जुनी आहे. धारवाड, विजापूर, जमखंडी, बेळगाव आणि इकडे मिरज-सांगलीपर्यंत लुगड्यांवर कसूती भरली जायची. तिचे टाके चार. पहिली गवंती; तिच्यात जाताना एकाआड एक घर घेत धावदोरा घालायचा आणि परत येताना राहिलेली घरं भरायची. कापड उलटं केलं तरी नक्षी तशीच दिसते. मुरगी तिचीच बहीण, पण पायऱ्यांसारखी चढत-उतरत जाणारी. नेगीचा धावदोरा लहान-मोठ्या अंतराचा, तो कापडातच विणल्यासारखा दिसतो. आणि चौथी मेंथी, मेथीच्या दाण्यांसारखी भरीव, म्हणजेच तुमची क्रॉस स्टिचची फुली. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, मोर, तुळशीवृंदावन हे तिचे नमुने; सारे आपल्या जत्रेत आणि अंगणात दिसणारे. काळ्या चंद्रकळेवर लाल, केशरी, हिरव्या आणि पांढऱ्या दोऱ्याने भरलेली कसूती तुम्ही कुणाच्या तरी आजीच्या अंगावर पाहिलेली असणार. जुन्या बायका नकाशाशिवाय, थेट लुगड्याचे धागे मोजून भरायच्या. आता बारीक कापडावर जाळीचा तुकडा टाचतात, त्यावर मोजून भरतात आणि शेवटी जाळीचे धागे एक-एक ओढून काढतात. कसूतीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तेव्हा ताई, तुम्ही फुलीपासून सुरू करा, पण तिथे थांबू नका. फुली हाताला बसली की गवंतीकडे वळा. उलट-सुलट सारखी झालेली पहिली गवंती पाहिल्यावर जो आनंद होतो तो मला शब्दात पकडता येत नाही. माझ्या शिकाऊ मुली तो तुकडा घरभर फिरवून दोन्ही बाजू दाखवतात.

एक आग्रह आहे. पहिलाच नमुना म्हणून तयार किट घेऊ नका. त्यात परदेशी घरं असतात, बर्फ असतो, टोपलीतलं मांजर असतं, आणि तीस-चाळीस छटा असतात. शेजारशेजारच्या दोन करड्या छटा ओळखण्यात सगळी शक्ती जाते. त्याऐवजी तीन रंगांचं तुळशीवृंदावन घ्या, ४४ घरं रुंद आणि ४४ घरं उंच. आयडा नावाचं चौकटींच्या विणीचं कापड मिळतं, त्यातलं ११ नंबरचं मागा. ११ नंबर म्हणजे इंचाला ११ घरं, म्हणजे तुमचं वृंदावन बरोबर चार इंचांचं होईल. हाच नकाशा १४ नंबरच्या कापडावर घेतला तर तीन इंचांहून थोडा मोठा होतो, १८ नंबरवर अडीच इंचांच्याही आत येतो. कापड चारही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त ठेवा, नाहीतर पुढे चौकट करताना पंचाईत होते. आयडा नाही मिळालं तर आपल्या शाळेच्या दिवसांतली दुसूती चालते, ती स्वस्तही पडते. फक्त तिची घरं आयडाइतकी ठळक नसतात.

भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. ते सहाही एकदम ओवू नका. ११ नंबरला तीन पदर, १४ नंबरला दोन. पदर एक-एक करून ओढून काढायचे आणि मग एकत्र जुळवायचे. एकदम तिन्ही ओढले की गुंता होतो. दोरा एक हात लांब, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण १८ इंच. आळस म्हणून लांब दोरा घेतला तर तो कापडातून शंभरदा जाऊन शेवटी केसाळ होतो आणि रंग निस्तेज दिसतो. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. टोकदार सुई धाग्याच्या मधून घुसते आणि मोजणी बिघडते.

कापडाची चौघडी करून मध्यबिंदू काढा आणि भरायला तिथूनच सुरुवात करा. गाठ मारू नका. मागे इंचभर शेपूट सोडा आणि पहिल्या चार-पाच टाक्यांखाली ते दाबून टाका. संपवतानाही तसंच, मागच्या टाक्यांखालून सुई सरकवून. आता सगळ्यात महत्त्वाचं: एका ओळीत आधी सगळे अर्धे टाके एका दिशेने घालत जा, परत येताना त्यांच्यावर उलट्या दिशेचे घाला. साऱ्या कामात फुलीचा वरचा पाय, म्हणजे नंतर घातलेला अर्धा टाका, एकाच बाजूला झुकलेला असला पाहिजे. दोऱ्याला चकाकी असते, उजेड त्यावरून घसरतो. एखाद्या फुलीचा वरचा पाय उलटा पडला तर रंग तोच असूनही तेवढीच फुली डागासारखी वेगळी दिसते. भरता-भरता दोऱ्याला पीळ चढतो, तेव्हा कापड उलटं धरून सुई खाली लोंबकळू द्या, पीळ आपोआप उलगडतो. आणि तीन-चार घरांपलीकडे दोरा मागून ओढत नेऊ नका. लांबचं पान भरायचं असेल तर दोरा संपवा आणि नव्याने सुरू करा.

डोळ्यांची भीती बाळगू नका, पण त्यांची काळजी घ्या. जवळचा चष्मा असेल तर नंबर तपासून घ्या. टीव्ही बघता-बघता भरायचं नाही. सकाळी दहा ते बारा सोप्यात खिडकीशी बसा, उजवा हात चालत असेल तर उजेड डावीकडून येऊ द्या, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. थोड्या-थोड्या वेळाने मान वर करून अंगणातल्या झाडाकडे, समोरच्या कौलांकडे दोन मिनिटं बघायचं. काळ्या कापडावर भरताना मांडीवर पांढरा टॉवेल घ्या, भोकं लख्ख दिसतात. कापड ताणून धरणारी रिंग लावत असाल तर उठताना ती काढून ठेवा. रात्रभर राहिली तर तिचा वळ कापडावर उमटतो आणि लवकर जात नाही. मान आखडायला लागली तर काम डोळ्यांजवळ आणा, उशीवर ठेवा, पण स्वतः वाकू नका.

खर्चाचं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या वृंदावनाला लागणारं कापड, तीन-चार लड्या, सुई आणि रिंग एका साध्या चपलेच्या किमतीत येतात. निपाणीत नाही मिळालं तर बेळगावला आलात की खडेबाजार आणि गणपत गल्लीत फेरी मारा.

आता वाकळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

वाकळेत मोजणी नाही. नकाशा नाही. धावदोरा एवढा एकच टाका, जो आपल्याला लहानपणीच कुणीतरी शिकवलेला असतो. म्हणून वाकळ घालताना तोंड मोकळं असतं, कान मोकळे असतात. चार कोपऱ्यांवर चौघी बसतात, प्रत्येकीच्या समोर तिची बाजू, आणि हात चालू राहतो. एवढं मोठं कापड मध्ये पसरलेलं असलं की माणसं आपोआप समोरासमोर येतात. मी किती गोष्टी वाकळेभोवती ऐकल्या आहेत! कुणाची सोयरीक कशी जुळली, सौंदत्तीच्या जत्रेला बैलगाडीत वाकळ अंथरून रात्रभराचा प्रवास कसा व्हायचा, मलप्रभेला पूर आला तेव्हा गल्लीतल्या कुणी काय केलं. एकमेकींकडे बघून जे बोलवत नाही ते टाक्याकडे बघत बोलता येतं. तुमची मुलं परगावी आहेत, घर रिकामं आहे असं तुम्ही लिहिलंत. ताई, तुमच्या घरातली मोकळी जागा ही वाकळेला लागणारी पहिली गोष्ट आहे. गल्लीतल्या दोघी-तिघींना दुपारी बोलवा. चहा ठेवा.

कापड जमवताना एकच नियम पाळा: सुती, जुनं आणि धुतलेलं. नायलॉन, जॉर्जेट, पॉलिस्टर वाकळेत घालू नका. त्यातून हवा खेळत नाही, घाम जिरत नाही, सुई घसरते आणि थर एकमेकांवरून सरकतात. जुन्या सुती लुगड्याची गोष्टच वेगळी. शेकडो धुण्यांनी त्यातली खळ गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो, आटायचं ते आटून झालेलं असतं. नवं कापड जुन्याबरोबर वापरायचंच असेल तर आधी दोन-तीनदा धुऊन वाळवा. नाहीतर पहिल्याच धुण्यात नवं आटतं, जुनं तेवढंच राहतं आणि वाकळ फुगते-मुडपते. लाल आणि गडद निळ्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. रंग उतरला तर ते कापड आतल्या थरात टाका किंवा बाजूलाच ठेवा.

माप असं घ्या. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच पन्ह्याची. मधोमध कापली की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे होतात, एक वरच्या बाजूला आणि एक खाली. आत दोन साध्या सुती साड्या किंवा जुनी धोतरं घातली की एकटीपुरती छान वाकळ होते. नऊवारी असेल तर आणखी सोपं. ती आठ मीटरच्या वर असते. कापायचीच नाही, लांबीत तिघडी केली की तीन थर तयार. काठ दोन्ही कडांना आपोआप येतो, वेगळी गोट लावावी लागत नाही.

फरशी स्वच्छ झाडून-पुसून खालचं कापड अंथरा, चारही कोपऱ्यांवर पाट ठेवा आणि हाताने मधून कडेकडे सुरकुत्या सारत जा. मग पुढचा थर, पुन्हा तसंच. सगळे थर झाले की लांब-लांब कच्चे टाके घाला, आधी मधोमध उभे-आडवे, मग दोन्ही कर्णांवर. हे काम कंटाळवाणं आहे आणि हेच टाळलं तर पुढे सगळं बिनसतं, म्हणून पहिला दिवस फक्त यालाच द्या. मग कडा आत मुडपून पहिली फेरी कडेने. दुसरी फेरी तिच्या आत बोटभर अंतरावर. अशा चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. दोरा जाड सुती घ्या आणि तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या, कापडातून सुरळीत जातो. सुई लांब, मधल्या बोटात अंगुस्तान. सुरुवातीला अंगुस्तान अडचणीचं वाटतं, पण ते नसलं तर तिसऱ्या दिवशी बोट सुजतं. एका वेळी चार-पाच टाके सुईवर घेऊन मग सुई ओढा. टाका लहान आणि सारखा असावा. पण जरा कमी-जास्त झाला म्हणून उसवत बसू नका. वाकळ धुतली की सुरकुत्यांच्या लाटा उठतात आणि सगळे टाके त्यात सामावून जातात. ती लाटांची नक्षी मशीनच्या शिलाईला येत नाही.

ठिगळांची वाकळ घालायची असेल तर आपल्याच जिल्ह्यात शिकण्यासारखं फार मोठं आहे. खानापूर तालुक्यात आणि पलीकडे हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून इथे आले. त्यांच्या बायका वाकळ घालतात तिला कवंदी म्हणतात. त्या ठिगळं आधी एकमेकांना जोडून मग थरांवर बसवत नाहीत. खालचं कापड पसरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात; ठिगळाची कड आत दुमडायची, ते आधीच्या ठिगळावर जरासं चढवायचं आणि धावदोऱ्याने सगळे थर एकदमच शिवत पुढे जायचं. असं कडेने फिरत-फिरत मध्याकडे यायचं. जोडणं आणि शिवणं एकाच टाक्यात होतं. चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं बसवतात, त्यांना फुला म्हणतात, आणि फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. पिवळ्याशेजारी जांभळा, त्याला लागून झगझगीत हिरवा. पुस्तकात बघून रंग जुळवणारी माणसं असं करायला धजणार नाहीत, आणि म्हणूनच त्या कवंद्यांवरून नजर हलत नाही. मी स्वतः ठिगळं मांडताना आता मोजपट्टी घेत नाही. हातात येईल ते ठेवते, लांब उभी राहून बघते, खुपलं तर उचलते.

गल्लीत वाकळ घालून द्यायला येणाऱ्या बायका अजून येतात, तुमच्याकडेही येत असतील. त्यांना बोलवा, एखादी वाकळ त्यांच्याकडून घालून घ्या आणि शेजारी बसून त्यांचा हात बघा. न आखता सरळ जाणारी ओळ कशी येते, ते तिथेच कळतं. मजुरीत घासाघीस करू नका. आमच्या घरी वाकळ पुरी झाली की ती घालणाऱ्या बाईची ओटी भरतात. एवढं हातकाम ती ज्या पैशांत करते ते पाहिलं की ओटीही थोडीच वाटते.

आता ट्रंक. कापायला हात धजत नाही हे अगदी बरोबर आहे, त्या हाताचं ऐका. सगळी लुगडी एकसारखी नसतात, म्हणून आधी ती उन्हात नव्हे, सावलीत पसरून तीन ढीग करा. धडधाकट असतील ती मुळीच कापू नका. इरकलीचे ते टोपपदर, गोमी, परासपेट, गाडीदाढी हे काठ, सगळं जसंच्या तसं राहू द्या. नेसा, नाहीतर लेकी-सुनांना द्या. दुसरा ढीग ज्यांचं अंग विरलंय पण पदर आणि काठ शाबूत आहेत अशांचा. इरकलीत हे नेहमी होतं, कारण अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोन्ही वेगवेगळ्या वेगाने झिजतात. अशाचा पदर सोडवून वेगळा ठेवा, उशीचा अभ्रा किंवा देवघराचा पडदा होतो. काठ वाकळेच्या कडेला लावा आणि विरलेलं अंग आतल्या थरात घाला. तिसरा ढीग ज्यांच्या घडीवरच चिरा पडल्यात अशांचा. ताई, ही लुगडी तुम्ही कापली नाहीत तरी ट्रंकेतच फाटणार आहेत. घडीच्या जागी धागा दर वर्षी मरतो. त्यांना वाकळेच्या आत जागा द्या. दोन मजबूत सुती कापडांच्या मध्ये, बोटभर अंतरावरच्या धावदोऱ्यांत धरलेलं विरलेलं कापड पुढची कितीतरी वर्षं टिकतं, आणि रोज कुणाच्या तरी अंगावर असतं. दुपटं आणि कुंची करायची असेल तर मात्र या तिसऱ्या ढिगातला सगळ्यात मऊ तुकडा बाजूला काढा. तान्ह्या बाळाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

पावसाळ्याबद्दल एक-दोन गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे कापड आठवडाभर वाळत नाही, खानापूरकडे तर त्याहून वाईट. अर्धवट कामात सुई टोचून ठेवू नका. दमट हवेत ती गंजते आणि तांबडा डाग कायमचा राहतो. काम प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, वाळवलेला कडुनिंबाचा पाला जवळ असू द्या. वाकळ पावसाळ्यात धुऊच नका. ओली वाकळ दोघींना उचलत नाही आणि आतला थर वाळला नाही तर कुबट वास धरते. ती एप्रिल-मेचं काम. आमच्याकडे अजूनही काही घरं नदीवर वाकळी नेतात, तुमच्याकडे वेदगंगा आहेच. दगडावर आपटू नका, पायाने तुडवून धुवा आणि कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा. फुल्यांचं काम मात्र कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, न चोळता. लाल दोरा असेल तर थंडच पाणी. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.

विकायचं का, असं तुम्ही विचारलं नाही, पण पहिली वाकळ झाली की कुणीतरी विचारेलच. माझं मत आहे की पहिली दोन-तीन वर्षं विकू नका. ऑर्डर आली की तारीख येते, तारीख आली की हात घाई करतो आणि ज्यासाठी हे सुरू केलं ते निसटतं. द्यायची तर द्या. बाळंतविड्यात दुपटं द्या, नव्या घराला वृंदावनाची चौकट द्या.

वाकळ पुरी झाली की तिच्या एका कोपऱ्यात तुमचं नाव, गाव आणि साल फुल्यांनी भरलेली छोटी पट्टी लावा. तोवर फुल्या तुमच्या हातात बसलेल्या असतील. अक्षरांचा नकाशा सहसा तयार मिळत नाही, तो शाळेच्या आलेखाच्या कागदावर आपणच काढायचा. शिरोरेषेला एक ओळ, तिच्या खाली अक्षराला सात घरं, वर मात्रा-वेलांटीला तीन आणि खाली उकाराला तीन, म्हणजे एकूण १४ घरं उंची धरा. ११ नंबरच्या कापडावर ती सव्वा इंच होते. ग, म, न, प ही अक्षरं उभ्या-आडव्या रेषांची, सहज बसतात. क, ळ, ज यांची वळणं चौकटीत नीट बसायला वेळ घेतात, तेव्हा दोन-तीन तऱ्हा काढून लांबून बघा आणि मग ठरवा. जोडाक्षर असेल तर अर्ध्या अक्षराला तीन घरं पुरतात. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, एका दमात भरा, म्हणजे तिचे सगळे वरचे पाय एका दिशेला पडतात. पट्टीच्या चारही कडा पाव इंच आत मुडपा आणि ती वाकळेच्या मागच्या बाजूला, फक्त वरचा थर पकडत, बारीक टाक्यांनी शिवा.